भुंग्याची पेशी

हणमंतरावांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पोटरी पुढं केली. रक्त नव्हतं. दातांचे लाल ठिपके तेवढे उमटले होते.

"बघून घ्या," ते म्हणाले, "आणि मग बोला."

निजामाच्या अमलात त्यांनी मुन्सफ म्हणून उमेदीची वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर कोर्ट सुटलं, पेशी, म्हणजे सुनावणी, सुटली नाही. मोलकरणीच्या खाड्यांपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या घराच्या ओसरीवर, त्यांच्यापुढं चाले. बाकीचे उभे राहत. ते बसत. फैसला झाला की अपील नसे.

आज आरोपी खांबाला बांधलेला होता. भुंग्या. काळं, लांब पायांचं धनगरी कुत्रं. सून रजनी पंचमीला उदगीरला माहेरी गेली होती. तिच्या वडिलांच्या शेतात मेंढरं बसवणाऱ्या धनगराकडून तिनं ते आणलं होतं. तेव्हापासून घराला स्वस्थता नव्हती. भुंग्या पोरांना गोल फिरून नळाच्या कोपऱ्यात कोंडायचा. शेजारच्या कोंबड्याही आणून तिथंच उभ्या करायचा. कोणी बाहेर निघालं की घोट्याला दात लावायचा. आज सकाळी खुद्द हणमंतरावांची पाळी आली.

"फिर्यादी तुम्हीच आणि मुन्सफही तुम्हीच?" रजनीनं विचारलं.

"दुसरं कोर्ट ठाऊक असेल तर तिथं जा. निर्मला, बोल."

निर्मला त्यांची मुलगी. नागपूरचं चांगलं स्थळ परत पाठवून त्यांनी तिला याच गल्लीत दिली होती. पोरगी नजरेसमोर हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"आबा, परवा मी घरी जायला उठले, तर हे फाटकात आडवं. इकडून गेले तर इकडं, तिकडून गेले तर तिकडं. शेवटी बसले मुकाट्यानं. घरी सासूबाईंनी तोफ डागली. म्हणाल्या, एवढं सुटत नसेल तर अंथरूण घेऊन जा माहेरी."

रजनी हसली.

"खामोश!" हणमंतराव ओरडले. संतापले की त्यांच्या तोंडी कोर्टातली उर्दू येई. "मधुकर, तुझं काय?"

"आबिड्सला कचेरीत निघालो की पँट धरतं."

"मग?"

"मग काही नाही. उशीर होतो."

मुलगा एवढंच बोलणार, हे हणमंतरावांना ठाऊक होतं. मागच्या पेशीतही तो असाच उभा होता. हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी मुलूख मुंबई राज्यात चालला होता आणि सरकारी कचेरीत प्रत्येकाला विचारत होते, तुम्ही कुठं जाणार? मधुकरला तिकडं जायचं होतं. त्याच्या वतीनं रजनी तावातावानं भांडली. चहा निवायच्या आत हणमंतरावांनी फैसला दिला होता. मधुकर इथंच राहील. उद्या त्याला कचेरीत शेवटचं काय ते सांगायचं होतं. हणमंतरावांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आता तू," ते रजनीला म्हणाले. "याला उपाशी ठेवतेस का?"

"पोटभर भाकरी खातंय."

"मग पिसाळलंय?"

"नाही, मामंजी. हे त्याच्या मायेनंच करतंय. कळपातलं एकसुद्धा लांब गेलेलं त्याला बघवत नाही."

"आम्ही काय मेंढरं आहोत?"

"त्याला तसंच वाटतं."

ती उलट बोलली, की तिनं खरंच उत्तर दिलं, हे त्यांना कळेना. त्यांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही. हणमंतरावांनी घसा साफ केला. बऱ्याच वर्षांनी एखादा फैसला त्यांच्या जिभेवर असा आपोआप येत होता.

"माळावर हा गुण आहे. घरात नाही. घरातली माणसं बाहेर जायचीच. जो दारात आडवा उभा राहतो, तो घराची राखण करत नाही. घराचा कोंडवाडा करतो. मायेनं करतो म्हणून त्याला माफी नाही. मायेनं कोंडलेलं माणूस ओरडूसुद्धा शकत नाही. असला प्राणी या घराला परवडणार नाही. याला उदगीरला पाठवा."

"मंजूर," रजनी म्हणाली.

हणमंतराव चमकले. ही बाई कधी मंजूर म्हणत नसे. वाटीभर मिठावरूनही तिनं त्यांच्याशी वाद घातला होता.

"फैसला कायम ना, मामंजी?"

"माझा फैसला कधी फिरलाय?"

"म्हणजे या घरातून जाणाऱ्याच्या आडवं कोणी यायचं नाही?"

"नाही म्हणजे नाही."

रजनी नवऱ्याकडं वळली. "ऐकलंत? उद्या कचेरीत मुंबई राज्य सांगा."

निर्मलानं पदर तोंडाशी नेला. मधुकरनं मान वर केली आणि प्रथमच वडिलांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"सांगतो," तो म्हणाला.

हणमंतरावांच्या तोंडी उर्दू आली नाही. मराठीही आली नाही. त्यांनी सुनेकडं पाहिलं. मुलाकडं पाहिलं. मग कुत्र्याकडं.

"हे कुत्रं तू कशाला आणलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"साक्षीला, मामंजी."