मौनाचा सोमवार

सक्करदऱ्याच्या पुष्पलताबाई दर सोमवारी दिवे लागेपर्यंत मौन पाळायच्या. लेक भैरवी पहिल्यांदा एकटीनं विमान उडवणार होती, त्या सोमवारीही त्या धावपट्टीच्या कुंपणाशी ओठ मिटून उभ्या होत्या.

चाकं जमिनीवरून उचलली आणि इंजिन बंद पडलं. इवलंसं विमान डगमगलं. पण पोरीनं काय हिमतीनं सावरलं ते! पुढच्या गवतात अलगद टेकवलं. एक पंख मोडला, तिला मात्र ओरखडाही नाही.

"वीस वर्षांत असा हात पाहिला नाही," शिकवणारे कृष्णकांत सर म्हणाले. "शाब्बास वं पोरी!"

भैरवी धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. "माझं काय कौतुक, सर? आईच तर रेडिओवर सांगून राहिली होती, घाबरू नको वं, नाक खाली ठेव."

सर चपापले. पुष्पलताबाई तर सगळा वेळ त्यांच्याशेजारीच उभ्या होत्या, गप्प.

लेकीसाठी व्रत मोडायचं ठरवून बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

तिकडे गवतातल्या रिकाम्या विमानातून त्यांचाच आवाज हाका मारत होता, "भैरवे, मले इथून काढ वं!"