बाईंचा ढ विद्यार्थी

"उद्याची माझी वेळ दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक," बाई फोनवर म्हणाल्या. "मी येणार नाही."

पलीकडे रुग्णालयातली नोंदणीवाली होती. कधीकाळी बाईंच्याच वर्गात बसून गणिताच्या नावाने रडणारी. "बाई, वर्षाची तपासणी आहे, चुकवायची नसते," ती म्हणाली. "पाच वाजेपर्यंत मी तुमचं नाव काढत नाही. विचार करा."

बाईंचा विचार करून झाला होता. सात वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. तेव्हापासून डावा हात सुजायचा. त्यावर सूज दाबणारी घट्ट बाही चढवावी लागे, आणि ती काही एकट्याने धड चढत नाही. रोज सकाळी नवरा चढवून द्यायचा. सात आठवड्यांपूर्वी तो आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डोळ्याला भिंग तसंच होतं, पुढ्यात कोणाचं तरी घड्याळ उघडं पडलं होतं. त्या दिवसापासून बाही खुंटीवर लटकत होती आणि हात सुजून जड झाला होता. सांभाळायचा तरी कोणासाठी, असं बाईंना वाटे.

गंमत म्हणजे जायची सगळी तयारी बाईंची चालली होती. औषधांनी गेलेले केस परत उगवायला लागले, त्याच महिन्यात त्यांनी नवऱ्याची शिकवणी सुरू केली. आपल्यामागे हा माणूस उपाशी राहायला नको. आमच्या मुलाला पाणीसुद्धा उकळता येत नाही, असं सासूबाईंनी लग्नातच बजावून ठेवलं होतं. धडा पहिला, बटाट्याची भाजी. "एवढी एक धड जमली ना तुम्हाला, की मी जायला मोकळी," बाई म्हणाल्या होत्या. नवऱ्याच्या हातातला डाव खाली पडला. सुरुवातच अशी, म्हणून बाईंनी कपाळाला हात लावला.

तो धडा सात वर्षं चालला. एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंच्या हाताखालून एकही मूल कोरं गेलं नव्हतं. या गृहस्थांपुढे मात्र त्यांनी हात टेकले. चिमट्याने केसाएवढा स्क्रू बसवणारा माणूस, पण बटाटे चिरायला बसला की एक फोड बोराएवढी, एक मुठीएवढी. मीठ कधी दोनदा, कधी मुळीच नाही. दर वर्षी तपासणीच्या आदल्या दिवशी परीक्षा व्हायची आणि दर वर्षी भाजी तळाला लागायची. नवरा पातेल्यात बघायचा, मान खाली घालायचा.

"अजून नाही जमत, बाई. एखादं वर्ष लागेल."

मग बाई भडकायच्या. करपलेलं पातेलं त्यालाच घासायला लावायच्या. या शंखाला कोणाच्या गळ्यात बांधून जाऊ, असं पुटपुटत दुसऱ्या दिवशी तपासणीला हजर व्हायच्या.

तीनच्या सुमाराला दार वाजलं. नवऱ्याचे एक जुने मित्र काठी टेकत आले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना आधी येता आलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून बाई म्हणाल्या, "भाऊजी, चार घास खाऊन घ्या. बटाट्याची भाजी आहे."

मित्रांचे डोळे भरून आले. "बटाट्याची भाजी खावी ती त्याच्या हातची, वहिनी. लग्नाआधी पाच वर्षं आम्ही चौघं एका खोलीत राहिलो. स्वयंपाक सगळा त्याच्याकडे. आम्ही आपले भांडी घासायचे धनी. बटाटे आधी मिठाच्या पाण्यात ठेवायचा, मग मंद आचेवर, झाकण न ठेवता. एक फोड मोडायची नाही."

"कोणाच्या हातची?" बाईंनी विचारलं.

"त्याच्याच! घरी मात्र सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती आम्हाला. आईला कळलं तर ती रडत पुढच्या गाडीने येईल आणि इथेच मुक्काम ठोकेल, म्हणायचा." मित्र डोळे पुसत हसले. "तुम्हाला तर पुष्कळदा करून घातली असेल."

"घातली," बाई म्हणाल्या. "सात वर्षं घातली."

मित्र गेल्यावर त्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी आपण काय बोललो होतो, ते त्यांना शब्द न शब्द आठवलं. एवढी एक जमली, की मी जायला मोकळी. आणि लबाडाने ती सात वर्षं जमू दिली नव्हती. बाई ओट्याला टेकून रडल्या. दुकानातून त्याला आणलं त्या दिवशीही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या.

मग त्यांनी तोंड धुतलं आणि चार बटाटे काढले. मिठाच्या पाण्यात ठेवले. मंद आच, झाकण नाही. सुजलेल्या हाताने पातेलं नीट धरता येईना, म्हणून खुंटीवरची बाही घेतली. दातांत धरून, ओढून ओढून ती कशीबशी कोपरापर्यंत चढवली. तेवढ्यात भाजी तळाला लागली. फोडी मोडून सगळा लगदा झाला होता.

पाचाला दहा मिनिटं होती. बाईंनी फोन उचलला.

"माझं नाव राहू दे गं. उद्या येते मी."

"सकाळी तर नको म्हणालात. काय झालं, बाई?"

बाईंनी पातेल्यात बघितलं.

"बटाटे नाही जमत अजून," त्या म्हणाल्या. "एखादं वर्ष लागेल."