दाराचं कुलूप

"या अहीहिक गावात सगळे आपल्यासारखेच परदेशी म्हातारे," घर बघायला आलेली कॅनडाची बाई नवऱ्याला म्हणाली. "इथं किती शांत आहे. अंधार पडल्यावर तळ्याकाठी चिटपाखरू नसतं." का नसतं, ते मी सांगितलं नाही. घर विकून आईला माझ्याकडे न्यायचं होतं. आईला इंग्रजी येत नाही, त्यामुळे बोलणं माझ्यामार्फत चाललेलं. "घर पसंत आहे," नवरा म्हणाला. "फक्त दाराचं कुलूप बदलून घेऊ." मी ते आईला सांगितलं. तिनं माझं मनगट धरलं. "बाकी काहीही बदला म्हणावं, कुलूप राहू द्या. माझ्या होआकिनला रात्री तळ्याकाठून उचलून नेलं, तेव्हा किल्ली त्याच्या खिशात होती. माझा लेक परत आला तर घरात कसा येणार?" "काय म्हणतायत?" बाईनं विचारलं. "कुलूपवाला ओळखीचा आहे, म्हणतेय," मी म्हणाले. बाईनं हसून मान हलवली. आईनं तिच्या हातांचे मुके घेतले.