सोळाव्या सोमवारची चढाई

सोमवारी उपास असतो. महादेवाला बेल वाहून मगच मी पनवेलला कॉलेजच्या ग्रंथालयात येते आणि खेळांच्या जुन्या फिल्म संगणकात उतरवते.

चाळीस वर्षांपूर्वीच्या मुलींच्या कबड्डी फायनलची फिल्म मुकी आहे. शेवटच्या चढाईत सहा जणी आपल्या कॉलेजच्या वेणूताईंचे पाय धरतात. त्यांचा हात मधल्या रेषेच्या वीतभर अलीकडे पडतो आणि आपण हरतो. ‘कोनची वेणू, वीतभर उणी’ असं त्यांचं कोन गाव त्यांना अजून चिडवतं.

पहिली प्रत हलली होती, म्हणून पुढच्या सोमवारी मी ती चढाई पुन्हा उतरवली. हात बोटभर पुढे सरकला होता.

हात रेषेपर्यंत पोहोचावा म्हणून मी सोळा सोमवारांचा संकल्प केला. दर सोमवारी हात थोडा थोडा पुढे येत गेला.

आज सोळावा. वेणूताईंना शेजारी बसवलं.

“हरलेलं काय बगायचं गं बाय?”

“बघा तर.”

हात रेषेवर पडला! पंचांनी बोट वर केलं, सगळं मैदान उभं राहिलं, आणि मुक्या फिल्ममधून शिट्टी ऐकू आली.

“जिकलो! आमी जिकलो!” वेणूताई रडत हसत होत्या. मी हात जोडले. त्यांची बोटं मैदान आखायच्या फक्कीने पांढरी झाली होती.

“चला, पेढे घेऊन देवळात जाऊ.”

त्या उठायला गेल्या आणि हसतच परत बसल्या.

“थांब गं. सोडलं नाय अजून.”

मी वाकून पाहिलं. त्यांच्या दोन्ही घोट्यांवर बोटांचे वळ होते, आणि ते हळूहळू आवळत होते.