मण्यांचं काम

"अजून हादरतेय," वाघ म्हणाला आणि त्याने जीपचं दार असं आपटलं की भिंतीला टांगलेले लोखंडी पाने खणखणले.

टायरवाली पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. ती त्याची बायको. तिने मान वर केली नाही. केली असती तर तोंडातून काहीतरी वाकडंच निघालं असतं.

"किती वेगाला?"

"साठच्या पुढे. स्टीअरिंग हातात ठरत नाही. कालही तेच सांगितलं होतं ना!"

सांगितलं होतं. काल, परवा आणि त्याच्या आधीही. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

दगडधोंड्यांत धावणाऱ्या गाड्यांच्या रिमला बाहेरून शिशाची वजनं चिकटवली, तर पहिल्याच खड्ड्यात ती उडून जातात. म्हणून ती टायरच्या आत मोहरीएवढे मणी मोकळे सोडायची. चाक गरगरायला लागलं की मणी आपसूक हलक्या बाजूला सरकतात आणि चाकाचा तोल सांभाळतात. सुरुवातीला जीप-शर्यतींच्या क्लबातल्या लोकांनी तिला हसून घेतलं. गळ्यात घालायचं ते टायरात घालते म्हणाले. मग त्यांच्याच गाड्या लोण्यासारख्या पळायला लागल्या, तेव्हा हसणारेच दुकानासमोर रांग लावून उभे राहिले.

आणि आता घरच्याच गाडीने तिचं नाक कापलं होतं.

काय करायचं बाकी ठेवलं होतं तिने? ओलीने मणी गोळा झाले असतील म्हणून कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं. मणी चाळले, पुन्हा तोलून भरले. रिम फिरवून पाहिल्या, बेअरिंग बदलली. टायर उघडून, बसवून दंड भरून आले होते. दर वेळी वाघ एकटाच गाडी घेऊन जायचा, पाठीला शर्ट चिकटलेला असा परत यायचा आणि दार आपटायचा. जेवतानासुद्धा धड बोलत नव्हता.

गाडी स्वतः चालवून बघायची सोय नव्हती. शर्यतीच्या गाडीत चालवणाऱ्याच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा क्लबचा जुना शिरस्ता. सीट, पट्टे, आरसे, सगळं त्या एकाच माणसाच्या मापाने लावलेलं. गेल्या वर्षी उतारावर गाडी कोलांट्या खात गेली आणि चेपलेल्या टपाखालून तो हसत बाहेर आला. तेव्हापासून सगळे त्याला वाघ म्हणायला लागले, आणि तेव्हापासून तीही त्या सीटवर कुणाला टेकू देत नसे.

"वहिनी, राग मानू नका," धाकटा दीर म्हणाला. क्लबची सगळी धावपळ तोच करायचा. आज तो चार-पाच जणांना घेऊन आला होता. "उद्या शर्यत आहे, दादाच्या त्या अपघातानंतरची पहिलीच. दादाची गाडी उतरली नाही, तर बाकीचेही मणी काढून घ्या म्हणतायत. ज्यांच्या घरच्या गाडीला जमलं नाही, त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

"भाऊजी, मणी बरोबर आहेत."

"मग हादरतेय कशी?"

इतक्या वर्षांची मेहनत सगळ्यांसमोर मातीत जात होती. तिला रडू येईल असं वाटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

"मी आधीच म्हटलं होतं, मण्यांचा नाद सोड म्हणून," वाघ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

झालं. तिने हातातला पाना फेकला आणि उठली.

"किल्ली दे."

"अगं, शिरस्ता आहे..."

"शिरस्ता गेला खड्ड्यात! किल्ली दे म्हणते ना!"

वाघाने मूठ लगेच उघडली नाही. "तुला नाही कळायचं ते," तो एकदम हळू बोलला. तिने त्याच्या मुठीतून किल्ली ओढून घेतली, सीट पुढे सरकवली आणि धुरळा उडवत गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्याला लागली.

ती बऱ्याच वेळाने परतली. इंजीन बंद करून तिने सीट पुन्हा मागे, त्याच्या मापाला सरकवली. लोक गाडीभोवती जमले. वाघ मात्र लांब, भिंतीला टेकून, खाली बघत उभा होता.

"काय वहिनी?" दिराने विचारलं.

ती उतरली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"हादरते," ती म्हणाली. "फारच हादरते. दोष मण्यांचाच आहे. माझं काम चुकलं."

कुणीतरी चुकचुकलं. दीर तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे उद्या..."

"उद्या ही गाडी उतरणार नाही. हा म्हणाला तरी मी उतरू देणार नाही. आणि ज्यांना मणी काढून हवेत त्यांनी गाड्या आणा. काढून देते."

लोक कुजबुजत पांगले. जाता जाता एकाने तर तिथेच आपल्या जीपच्या टायरवर लाथ मारली. ती सगळं खालमानेने ऐकत हात पुसत राहिली.

दुकान रिकामं झाल्यावर वाघ जवळ आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तुझं नाव खराब झालं," तो म्हणाला.

"होऊ दे."

"खरंच हादरत होती?"

"जेवायला चल," ती म्हणाली आणि शटर ओढायला गेली.

त्या सरळ रस्त्यावर वेगाचा काटा शंभराला टेकला, तेव्हा तिने दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले होते, आणि स्टीअरिंग जागचं हललं नव्हतं.