अकरा महिन्यांची खोली

"कार्ड दी दिसू. पहिले खोलीले चुना मार," गुलशन चाची म्हणाली आणि तिनं कुंचा मयूरीच्या पायाशी टाकला.

मयूरीच्या तोंडचं पाणी पळालं. बारा वाजत आले होते. सकाळी ती नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडत बसली होती, आणि पिकअपमधून मिरची उतरवणारा माणूस नेमका तिच्या सासरचा, ब्राह्मणपुरीचा निघाला. त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग बाजूला होऊन फोन लावला. "हां गोपाल, मयूरी आठेच शे," एवढं ऐकलं आणि पाटी टाकून ती पळत सुटली. गोपाल म्हणजे तिचा नवरा. गाडी काढली तर दीड तासात इथं पोचणार. पथारीवरची कुणीही बाई त्याला ही गल्ली दाखवणार. सुरतची गाडी दोनची होती. ती गाठली तर सुटले, नाहीतर मेले. पण आधार कार्डावाचून सुरतेत ना काम मिळणार ना खोली, आणि कार्ड होतं चाचीच्या पेटीत. भाड्यानं खोली देताना तिनं ते ठेवून घेतलं होतं.

"चाची, मन्ही मावशी बिमार शे. माले आजच निंघनं शे."

"अकरा महिनाना करार शे. चार महिनामाच चालनी?" चाचीनं पेटीतून स्टॅम्पपेपर काढून तिच्या नाकासमोर नाचवला. "जा, मी नही अडावत. पन मन्ही खोली जो सोडस, तो चुना मारीसन जास."

तिचा तो रिवाजच होता, अख्ख्या गल्लीला ठाऊक. त्यात शब-ए-बारात आठवड्यावर आलेली, घरच्या भिंतींसाठी चुना बादलीत भिजतच होता. मयूरीनं चाचीचे पाय धरले. अडल्या माणसाला कसली लाज! चाचीनं पाय मागे घेतले आणि बादली पुढे सरकवली. कसाई बरा, असं मयूरीला वाटलं.

खरं सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण कोणत्या तोंडानं सांगणार? तिचा डावा कान कायम पदराखाली असे. पाळी मधोमध फाटलेली. ताट वाढायला उशीर झाला म्हणून गोपालनं झुमका ओढून काढला होता. पहिल्याच दिवशी चाचीनं कानाचं विचारलं, तेव्हा नळावर भांडण झालं अशी थाप तिनं मारली होती. चाची नुसतं "हां" म्हणाली होती. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. आता चार महिन्यांनी खरं सांगितलं, तर नवऱ्याला सोडून पळालेल्या बाईचा डाग कोण दारात ठेवेल?

तिनं कुंचा उचलला. जिवाच्या आकांतानं भिंतीवर फिरवायला लागली. चुना डोळ्यांत उडत होता, हातांची आग होत होती, आणि गल्लीत गाडीचा आवाज आला की कुंचा थबकत होता. तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं दुसरी भिंत संपवली.

चाचीला मात्र सामानाची काळजी. "शिंतोडा उडतीन," म्हणत तिनं शेगडी नेली, गोधडी नेली, कपड्यांचं बोचकं नेलं. दोरीवरची साडी नेली. खिळ्यावरचं गणपतीचं कॅलेंडर काढलं आणि खिळाही उपटला. "तो कोपरा ऱ्हायना. तठे मिरचीना वास येस," ती दारातून म्हणाली. मयूरीनं दात खाल्ले आणि त्या कोपऱ्यात कुंचा दुसऱ्यांदा फिरवला.

शेवटचा हात फिरला तेव्हा एक वाजून गेला होता.

"आते मन्हा घरमा जा. मोरीमा हात धोय. चुना खाई टाकी हात," चाची म्हणाली आणि स्वतः आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

मयूरी आत धावली. मोरीत तिचं सगळं सामान रचून ठेवलेलं होतं. बोचक्यावर तिचं आधार कार्ड होतं. शेजारी बंब पेटलेला होता, आणि त्याच्या तोंडाशी स्टॅम्पपेपर जळत होता. तिची सही असलेला कोपरा तेवढा उरला होता. हे काय, ते तिला कळेना.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. चपला वाजल्या. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. ती भिंतीला टेकली आणि पांढरे हात तिनं तोंडावर दाबून धरले.

"चाची, आठे मयूरी ऱ्हास ना? मन्ही बायको शे. पथारीवर सांगं माले."

"ऱ्हाये एक. दिवाईना सनमाच खोली सोडी गयी."

"घरमा देखू द्या."

"मन्हा घरमा बाया शेतस," चाचीचा आवाज चढला. "परका मानूसले मी उंबरा वलांडू देत नही. खोली मांगे शे, उघडीच शे. जा, देखी ये."

चपला मागच्या बाजूला गेल्या. मयूरी श्वास धरून ऐकत राहिली. भाजलेले हात, उपटलेला खिळा, दुसऱ्यांदा चुना मारलेला कोपरा. तिला एकदम सगळं दिसलं. चपला परत आल्या.

"चुना ते आते मारेल शे," गोपाल गुरकावला.

"मंग काय करू, भाऊ?" चाची म्हणाली. "अकरा महिनाना करार, नि दोन महिनामाच सोडी गयी. तवयनी खाली पडेल शे खोली. तुन्हा ध्यानमा शे का कोनी, एकटी बाई?"