हात पाहून सुटणारा नळ

"आई, आता एक थेंबही वाया जाणार नाही," असं म्हणत मी स्वतः बनवलेला नळ स्वयंपाकघरात बसवला. खाली हात धरला तरच तो सुटतो. तो पसंत पडला तर नळ बनवणारी एक कंपनी तो विकत घेणार होती. कंपनीचे साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला येणार होते.

आमच्या काचीगुड्यात पाणी दिवसाआड पहाटे येतं. आई जुना नळ रात्रीच उघडून ठेवायची आणि घागरीत धार पडल्याच्या आवाजानं उठायची. त्या पहाटे माझ्या नळानं हाताची वाट पाहिली. हात पांघरुणात होते.

साहेबांसमोर नळ कोरडाच राहिला. शेजारच्या काकू डोकावल्या, "अगं, नळ येऊन गेला की! सो रे थे क्या तुम लोगां?"

आई साहेबांना म्हणाली, "चहाला पाणी नाही हो. पण पोरगी खोटं बोलली नाही. एक थेंबही वाया गेला नाही."